३१० वॉटच्या ब्रँडेड गेमिंग डेस्कटॉपमध्ये मोठे ग्राफिक्स कार्ड बसवता येईल का?

आर्णीकर (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. माझ्या आतेभावाने पुण्यात नोकरीला असताना २०२१ साली एका मोठ्या कंपनीचा तयार गेमिंग डेस्कटॉप घेतला होता. त्याची बदली परराज्यात झाली, तेव्हा तो संगणक त्याने मला दिला. त्यात इंटेलचा आय५-१०४००एफ प्रोसेसर, ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम, ४ जीबीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारी पेटी) कंपनीचाच असून त्यावर ३१० वॉट असे छापलेले आहे.

दिवसा मी या संगणकावर लग्नांच्या चित्रीकरणाचे संकलन करतो आणि रात्री चुलत भावंडांबरोबर व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ खेळतो. अडचणी दोन आहेत. दुपारी संकलन पूर्ण करून चित्रफीत तयार करायला लावली की पहिली दहा मिनिटे काम वेगाने होते आणि नंतर संगणक इतका मंदावतो की एका तासाच्या लग्नाला अर्धा दिवस जातो. दुसरी अडचण अशी की रात्री आठ ते अकराच्या दरम्यान खेळ रंगात आला असताना संगणक कोणताही संदेश न दाखवता एकदम बंद पडतो, जणू कोणी तार उपटली असावी.

तालुक्याच्या एका दुकानदाराचे म्हणणे असे आहे की ३१० वॉटचा एसएमपीएस कमी पडतो, म्हणून ६५० वॉटचा घ्यावा आणि सोबत वापरलेले आरटीएक्स ३०६० कार्ड बसवावे. मी कॅबिनेट उघडून पाहिले, तर मदरबोर्डला जाणारा विजेचा जोड चित्रफितींमध्ये दाखवतात तसा रुंद, २४ पिनांचा नाही, तो लहानसा आहे. माझ्याजवळ २५,००० रुपये आहेत. ही रक्कम वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून काढून दिलेली असल्यामुळे ती एकदाच आणि योग्य जागी खर्च व्हावी, अशी माझी फार इच्छा आहे. नागपूरला सीताबर्डीला जाऊन येण्यात पूर्ण दिवस मोडतो, म्हणून जाण्यापूर्वी आपणा सर्वांचे मार्गदर्शन मिळाले तर उपकार होतील.

पुसदची_संगणकताई

भाऊ, आपण कॅबिनेट उघडून जोड पाहिला हे फार चांगले केले, कारण पुढचा सगळा निर्णय त्या लहानशा जोडावरच अवलंबून आहे. मी गेली बरीच वर्षे पुसदला संगणक दुरुस्तीचे काम करते आणि ब्रँडेड गेमिंग संगणकांत पैसे वाया गेलेले मी सर्वाधिक वेळा याच ठिकाणी पाहिले आहेत.

सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकात एटीएक्स हे प्रमाण वापरतात. इंटेलने ते १९९५ साली आणले. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा एसएमपीएस कोणत्याही कंपनीच्या मदरबोर्डला जोडता येतो. तयार संगणक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मात्र अनेकदा स्वतःचा वेगळा मदरबोर्ड बनवतात, ज्याला एसएमपीएसकडून केवळ १२ व्होल्ट मिळतात आणि ५ व्होल्ट व ३.३ व्होल्ट तो स्वतःच तयार करतो. अशा मदरबोर्डवर हार्ड डिस्कची वीजसुद्धा एसएमपीएसमधून न येता मदरबोर्डवरच्या छोट्या जोडातून येते. बाजारातला ६५० वॉटचा एसएमपीएस यात सरळ बसणार नाही. २४ पिनांवरून लहान जोडावर नेणाऱ्या तारा ऑनलाइन मिळतात, पण संगणक बंद असतानाही मदरबोर्डला जी वीज लागते ती साधा एटीएक्स एसएमपीएस ५ व्होल्टची देतो आणि असे काही मदरबोर्ड ती १२ व्होल्टची मागतात. त्यामुळे ती वाढवून देणारी पट्टी नसलेली स्वस्त तार घेतली तर संगणक सुरूच होत नाही. आपल्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेली तार मिळाल्याशिवाय या वाटेने जाऊ नये.

आता कार्डाविषयी. पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. आपले जीटीएक्स १६५० बहुधा तेवढ्यावरच चालत असेल. त्याला वेगळी तार जोडलेली आहे का, ते पाहून सांगा. आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात, म्हणजे त्याला एसएमपीएसमधून ८ पिनांची स्वतंत्र तार हवी आणि एनव्हिडियाची शिफारस ५५० वॉटच्या एसएमपीएसची आहे. काही दुकानांत साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) जोडावरून ८ पिन काढून देणारा अडॅप्टर हातात ठेवतात. तो कृपया घेऊ नका. साटाच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येक पिन दीड अँपिअरची असते, म्हणजे सगळे मिळून ५४ वॉट होतात. त्यावर १५० वॉटचा जोड लादला तर प्लॅस्टिक वितळते. असे वितळलेले जोड माझ्याकडे दुरुस्तीला आलेले आहेत.

वर्धा_विद्युत

ताईंनी मदरबोर्डविषयी जे लिहिले आहे ते अचूक आहे, पण मला या प्रश्नात आधी दुसरीच गोष्ट दिसते. संगणक फक्त रात्री आठ ते अकरा या वेळेत बंद पडतो आणि दुपारी तासन्‌तास चित्रफीत तयार करताना मंदावतो पण बंद पडत नाही. एसएमपीएसची ताकद कमी पडत असती तर त्याने दुपारीही दगा दिला असता. या प्रोसेसरला ६५ वॉट, कार्डाला ७५ वॉट आणि बाकी सर्व भागांना मिळून ३०-४० वॉट धरले, शिवाय प्रोसेसर काही सेकंदांपुरता त्याच्या ठरलेल्या मर्यादेच्या वर जातो हेही जमेस धरले, तरी ३१० वॉट पुरेसे आहेत.

माझा संशय आपल्या गावच्या व्होल्टेजवर आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू होतात, डीपी (गावचे रोहित्र) तीच असते आणि टोकाच्या घरापर्यंत व्होल्टेज पोहोचेस्तोवर २३० चे १८० सुद्धा उरत नाहीत. अशा वेळी बल्ब मंद होतो आणि पंखा हळू फिरतो, परंतु एसएमपीएस तसे करत नाही; त्याला २०० वॉट द्यायचे असतील तर तो २०० वॉटच ओढतो आणि व्होल्टेज जितके उतरेल तितका प्रवाह वाढवतो. २३० व्होल्टला जो प्रवाह सुमारे ०.८७ अँपिअर असतो, तो १७० व्होल्टला जवळजवळ १.१८ अँपिअर होतो. म्हणूनच नुसते टंकलेखन चालू असताना संगणक तग धरतो आणि खेळ सुरू झाला की एसएमपीएसचे संरक्षण त्याला बंद करते.

आपण तीन गोष्टी तपासून इथे लिहाव्यात. एसएमपीएसच्या पट्टीवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिले आहे की २००-२४० व्होल्ट, हे पाहावे. मल्टिमीटरने सकाळी, दुपारी आणि रात्री नऊ वाजता फेज व न्यूट्रलमधले, तसेच न्यूट्रल व अर्थिंगमधले व्होल्टेज मोजावे. मल्टिमीटर हाताळण्याची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत कर्नल-पॉवर ४१ ही नोंद कोणत्या वेळांना पडली आहे, ते पाहावे. संगणक व्यवस्थित बंद न होता थांबला की पुढच्या वेळी सुरू होताना ही नोंद होते. आणखी एक विचारतो: कॅबिनेटच्या धातूला उघड्या पायाने हात लावल्यास झिणझिण्या येतात का?

अकोला_४६

मी थोडे वेगळे मत मांडतो. कंपनीच्या या बंदिस्त मदरबोर्डवर पैसे घालत राहण्यापेक्षा प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कार्ड काढून घ्यावे आणि एलजीए १२०० चा (याच प्रोसेसरच्या खाचेचा) साधा मदरबोर्ड, हवेशीर कॅबिनेट व चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस घेऊन त्यात बसवावे. मी स्वतः अशाच एका तयार संगणकाचे हे केले आणि त्यानंतर कार्ड बदलायला मला दहा मिनिटे लागली. आज थोडे पैसे जास्त जातील, पण पुढची पाच वर्षे प्रत्येक वेळी जोड शोधत बसावे लागणार नाही. तयार संगणकाच्या कॅबिनेटमध्ये पुढून हवा आत येण्याची वाटच नसते, आणि आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर गेला की ही उणीव रोज जाणवते.

पुसदची_संगणकताई

अकोल्याच्या भावांचे म्हणणे मला तत्त्वतः मान्य आहे, आणि पैसे असते तर मीही तोच सल्ला दिला असता. पण त्यात दोन खाचखळगे आहेत. कंपनीने दिलेली विंडोज ही त्या मदरबोर्डशी बांधलेली असते. मदरबोर्ड बदलला की ती नव्याने विकत घ्यावी लागू शकते. दुसरे असे की आज एलजीए १२०० चे जे नवे मदरबोर्ड मिळतात ते मुख्यतः ५०० मालिकेचे असतात आणि त्यांतील काहींवर एम.२ ची (एनव्हीएमई एसएसडी बसवायची) जी खाच थेट प्रोसेसरला जोडलेली असते ती ११व्या पिढीच्या प्रोसेसरबरोबरच चालते. १०व्या पिढीचा प्रोसेसर बसवल्यावर एसएसडी दिसेनाशी होते आणि माणूस एसएसडी बिघडली असे समजतो. २५,००० मध्ये मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस घेतले की कार्डासाठी फारसे काही उरत नाही, म्हणजे खेळाचा वेग आहे तेवढाच राहतो.

आर्णीकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. चार दिवस मोजमाप करून लिहीत आहे.

कार्डाला वेगळी तार नाही. एसएमपीएसवर इनपुट २००-२४० व्होल्ट असे छापलेले आहे. आमच्या वायरमनकाकांना बोलावून व्होल्टेज मोजून घेतले: सकाळी सहा वाजता २२८, दुपारी दोन वाजता २०९ आणि रात्री साडेनऊ वाजता १७२. कर्नल-पॉवर ४१ च्या अकरा नोंदी सापडल्या आणि त्यांपैकी दहा रात्री आठनंतरच्या आहेत. झिणझिण्या येतात, विशेषतः फरशी पुसल्यावर. मी ते आजवर संगणकाचेच वैशिष्ट्य समजत होतो. काकांनी बोर्ड उघडला तेव्हा तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नव्हती. घरामागे अर्थिंगचा जुना खड्डा आहे, पण मीटरपासून खोलीपर्यंत तार आणलेलीच नाही.

संकलनाच्या वेळी प्रोसेसरचे तापमान पाहिले. खोलीत ४० अंश असताना ते आठ मिनिटांत १०० ला पोहोचले. संगणक ज्या खोलीत आहे तिथेच दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा कापूस भरून ठेवलेला होता, हे सांगायचे राहिले होते.

वर्धा_विद्युत

आता चित्र स्पष्ट झाले. ज्या एसएमपीएसला २०० व्होल्टच्या खाली चालण्याची हमीच नाही, तो १७२ व्होल्टवर खेळ चालवत होता. त्याने स्वतःला बंद केले, यात त्याचा दोष नाही.

सर्वांत आधी अर्थिंग करून घ्यावे, कारण हा तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. एसएमपीएसच्या आत विजेचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून धातूच्या पेटीला जोडलेले असतात. त्यांतून येणारा किंचित प्रवाह अर्थिंगमधून निघून जावा अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर पेटीवर साधारण निम्मे व्होल्टेज येऊन बसते आणि त्याच्या झिणझिण्या जाणवतात. तो प्रवाह अत्यल्प असतो हे खरे, पण उद्या एखादी तार आतून पेटीला टेकली तर तुम्हाला वाचवणारे काहीच उरलेले नसते. जुना खड्डा तसाच वापरू नका. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेल्या नळीपासून माती सुटते. मग पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरते. मीठ-कोळसा नव्याने भरून घ्यावा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तिथे दोन बादल्या पाणी ओतावे. काम झाल्यावर न्यूट्रल आणि अर्थिंगमधले व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आसपास आहे ना, ते काकांकडून तपासून घ्यावे.

त्यानंतर १००० व्हीए, म्हणजे साधारण ६०० वॉटचा, लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारचा यूपीएस घ्यावा. या प्रकारात बॅटरीला हात न लावता उतरलेले व्होल्टेज वर उचलण्याची सोय असते आणि आपल्याकडे मिळणारे बहुतेक यूपीएस १४०-१४५ व्होल्टपर्यंत हे काम करतात. ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस ३६० वॉटचाच असतो; मॉनिटर जोडून तो आज पुरेल, परंतु मोठे कार्ड घातल्यावर पुरणार नाही. यूपीएस आणल्यावर महत्त्वाचे काम उघडे नसताना खेळ चालू ठेवून भिंतीवरचे बटन एकदा बंद करून पाहावे. काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसच्या बॅटरीवरची वीज मानवत नाही आणि ते त्या क्षणी बंद पडतात. दुकानदाराशी बदलून घेण्याचे आधीच बोलून ठेवावे.

पुसदची_संगणकताई

कापसाचा उल्लेख वाचला आणि दुपारच्या मंदपणाचे कारणही मिळाले. भाव वाढण्याची वाट पाहत घरात कापूस ठेवलेला असला की त्याचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात, पंखा ते आत ओढतो आणि प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. साधी धूळ ब्रशने झडते. हा थर मात्र पंखा काढल्याशिवाय दिसतही नाही. पंख्याचे चार स्क्रू काढा आणि थर चिमट्याने उचला. तो बहुधा अखंड निघेल. गाव-खेड्यांत अनेक जण संगणक पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारतात. त्या हवेत पाणी आणि तेल असते आणि दाबही फार असतो, म्हणून ते करू नये. हाताचा ब्लोअर पुरतो, मात्र पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. हीटसिंक काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पूर्ण पुसून नवी लावावी. पाच वर्षांत ती वाळलेली असणार. तुमचा प्रोसेसर १०० अंशांना पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि तुमचा अर्धा दिवस तिथेच जात होता. वाळ्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येईल अशी मांडणीही करू नका, कारण त्या हवेतले क्षारयुक्त तुषार मदरबोर्डवर सुकून बसतात. कूलर खोली थंड करील तेवढे संगणकाला पुरे आहे.

रॅमविषयी मात्र विलंब करू नये, कारण २०२५ च्या अखेरीपासून तिच्या किमती वाढत गेल्या आहेत. ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली की १६ जीबी तर होईलच, शिवाय दोन मार्गांनी ये-जा सुरू झाल्यामुळे खेळातले अडखळणे स्पष्ट कमी होईल. ३२०० किंवा ३६०० वेगाची महाग रॅम घेऊ नका. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा २६६६ आहे आणि कंपनीच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रणालीत) ती वाढवण्याची सोय सहसा नसते. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली असल्याने, अजून ती असेल तर विंडोज ११ वर जावे. १०व्या पिढीचा प्रोसेसर त्यास पात्र आहे. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षा-सोयी सुरू असाव्या लागतात, त्या बायोसमध्ये तपासाव्यात.

यानंतर पैसे उरले तरच कार्ड. माझी निवड ६ जीबीचे आरटीएक्स ३०५०, कारण ते ७० वॉटचे आहे, खाचेतल्या विजेवरच चालते आणि तुमचा एसएमपीएस बदलावा लागत नाही. १६५० पेक्षा ते दुप्पट वेगवान नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण २ जीबी स्मृती वाढते, संकलनात त्याचा उपयोग होतो आणि डीएलएसएस (खेळाचे चित्र लहान काढून ते मोठे करणारे, वेग वाढवणारे तंत्र) मिळते, जे १६५० वर चालतच नाही. याच नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॉटचे असून त्याला वेगळी तार लागते, म्हणून खोक्यावरचा आकडा नीट वाचून घ्यावा.

अकोला_४६

२००-२४० व्होल्टची पट्टी आणि १७२ चे मोजमाप पाहिल्यावर मी माझा सल्ला मागे घेतो. मी शहरात राहतो आणि व्होल्टेजचा विचार माझ्या मनातच आला नव्हता.

आर्णीकर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. अर्थिंग नव्याने करून खोलीपर्यंत तार आणली. झिणझिण्या पूर्ण थांबल्या, आणि आईने त्याच दिवशी फ्रिज व कूलरचे बोर्डही त्या तारेवर घ्यायला लावले. हीटसिंकमधून तळहाताएवढा कापसाचा थर निघाला. पेस्ट बदलल्यानंतर त्याच दुपारच्या उन्हात तापमान ८६ च्या वर गेलेले नाही आणि एका तासाचे लग्न आता दीड तासात तयार होते. यवतमाळहून १००० व्हीएचा यूपीएस आणि ८ जीबीची रॅम आणली. त्या दिवसापासून रात्री एकदाही संगणक बंद पडलेला नाही, व्होल्टेज १६८ वर गेले तेव्हाही नाही.

जवळ जे पैसे उरले आहेत त्यांत आरटीएक्स ३०५० बसत नाही. तालुक्यातला एक मुलगा माझे १६५० विकत घ्यायला तयार आहे आणि ते विकले तर रक्कम जुळते. आधी विकून मग नवे मागवावे का?

पुसदची_संगणकताई

आधी विकू नका. तुमच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ आहे, म्हणजे त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. कार्ड काढले की मॉनिटरवर काहीच दिसणार नाही आणि नवे येईपर्यंत संकलनाचे काम बंद पडेल. लग्नसराई चालू आहे. या महिन्याची बिदागी हाती आली की नवे कार्ड मागवा, ते बसवून दोन दिवस चालवून पाहा आणि मग जुने त्या मुलाला द्या. देताना त्याच्या एसएमपीएसची पट्टी आणि त्याच्या घरचे रात्रीचे व्होल्टेज एकदा पाहून द्या.